आरशासमोरचा संयम : चेहऱ्याच्या पक्षाघातानंतरचे व्यायाम

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून आपोआप ओघळू लागते. आरशात पाहावे, तर चेहऱ्याची एक बाजू निश्चल झालेली असते. त्या बाजूचा डोळा मिटता मिटत नाही, कपाळावर आठी पडत नाही आणि हसू पाहता ओठ दुसऱ्याच बाजूस खेचले जातात. आदल्या रात्रीपर्यंत सर्व काही सुरळीत असताना एका रात्रीत असे घडले, तर कोणाचाही धीर सुटेल. घरातील वडीलधारी मंडळी 'वारे गेले' म्हणतात, शेजारीपाजारी 'लकवा' म्हणतात, कोणी आदल्या दिवशीच्या प्रवासात गाडीच्या खिडकीशी बसल्याचे कारण शोधून काढते. वैद्यकशास्त्रात या विकाराला 'बेल्स पाल्सी' असे नाव आहे.

हा विकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. दर वर्षी एक लाख लोकसंख्येमागे साधारणतः १५ ते ३० व्यक्तींना तो होतो. स्त्री असो वा पुरुष, तरुण असो वा वृद्ध, तो कोणालाही गाठू शकतो. मधुमेही व्यक्तींना आणि गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रियांना त्याचा धोका अधिक असतो. आपल्याकडे तो प्राचीन काळापासून परिचित आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात 'अर्दित' या नावाने मुख वाकडे होण्याच्या व्याधीचे वर्णन आढळते.

बहुसंख्य रुग्ण यातून पूर्ण बरे होतात, ही दिलाशाची बाब होय. मात्र बरे होण्याच्या काळात रुग्णाच्या मनात एक प्रश्न सतत घोळत असतो : आपण स्वतः काय करावे? व्यायाम कोणता, किती आणि केव्हापासून? अंग जितके मोडावे तितके फळ मिळते, ही आपली व्यायामाविषयीची रूढ समजूत आहे. चेहऱ्याच्या बाबतीत ही समजूत उपयोगी पडत नाही. प्रसंगी अपाय करते. म्हणूनच हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे इष्ट ठरेल.

आधी निदान, मग व्यायाम

तोंड वाकडे होण्याचे प्रत्येक उदाहरण बेल्स पाल्सीचे नसते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यानेही चेहरा वाकडा होऊ शकतो आणि तेथे एकेक मिनिट मोलाचे असते. दोहोंतील एक ठळक फरक कपाळावर दिसतो. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला आठ्या घालता येतात व भुवई उचलता येते; बेल्स पाल्सीत चेहऱ्याच्या अर्ध्या भागाबरोबर कपाळाचा अर्धा भागही निश्चल होतो. परंतु हा फरक पारखणे डॉक्टरांचे काम आहे. चेहऱ्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडणे, शब्द न सुचणे, तोल जाणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

कानात किंवा कानाभोवती वेदनायुक्त पुरळ उठले असेल, तर तो नागिणीच्या विषाणूमुळे होणारा 'रॅमसे हंट सिंड्रोम' हा निराळा विकार असू शकतो व त्याचे उपचारही काहीसे निराळे असतात. कानातून स्राव येणे, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकदम निश्चल होणे किंवा अशक्तपणा कित्येक आठवडे हळूहळू वाढत जाणे, हीदेखील अधिक तपासणीची कारणे आहेत.

हाडातील अरुंद वाट

चेहऱ्याच्या हालचाली घडवून आणणारा सातवा मज्जातंतू मेंदूच्या तळाशी उगम पावतो आणि कानामागील हाडातील एका नागमोडी बोगद्यातून प्रवास करतो. या बोगद्याची लांबी सुमारे तीन सेंटिमीटर असून त्याचा सर्वांत चिंचोळा भाग एक मिलिमीटरहूनही अरुंद असतो. कानाच्या पाळीखालून बाहेर पडल्यावर हा तंतू पाच प्रमुख शाखांत विभागून कपाळापासून मानेपर्यंत पसरतो. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक व शरीररचनातज्ज्ञ सर चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयी निबंध मांडला. त्यांच्याच नावावरून हा विकार ओळखला जातो.

बेल्स पाल्सीत या तंतूला सूज येते. ओठांवर ज्वरफोड आणणारा हर्पीसचा विषाणू शरीरात सुप्तावस्थेत दडलेला असतो. तो पुन्हा जागा झाल्याने ही सूज येत असावी, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. हाडाच्या बोगद्यात सुजेला जागा नसल्याने तंतू आवळला जातो आणि त्याचे संदेशवहन थांबते. हाच तंतू जिभेच्या पुढील भागाची चव, अश्रूंची निर्मिती आणि कानातील एका चिमुकल्या स्नायूचे नियंत्रण पाहतो. अन्न बेचव लागणे, डोळा कोरडा पडणे आणि भांड्यांचा आवाजही कानाला टोचणे, या तक्रारींचे मूळ तेथे आहे.

आवळलेल्या तंतूचे केवळ बाह्य आवरण दुखावले असेल, तर सूज ओसरताच काही आठवड्यांत हालचाल परतू लागते. आतील धागेच तुटले असतील, तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने नव्याने वाढतात. कानापासून ओठांपर्यंतचे अंतर ध्यानात घेतले, की काही रुग्णांना तीन-चार महिने वाट का पाहावी लागते, हे सहज उमगते.

कोपनहेगन येथील डॉ. एरिक पिटरसन यांनी २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील बेल्स पाल्सीच्या १,७०१ रुग्णांना कोणतेही औषध दिलेले नव्हते. तरीही त्यांपैकी ७१ टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ववत झाला. ८५ टक्के रुग्णांत सुधारणेची पहिली खूण तीन आठवड्यांच्या आत दिसली. उरलेल्यांना तीन ते पाच महिने थांबावे लागले.

पहिले ७२ तास आणि डोळ्याची राखण

या विकारात औषधाचा लाभ लवकर पोहोचणाऱ्यास अधिक होतो. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषधोपचार सुरू करण्यात आले. नऊ महिन्यांनंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ९४.४ टक्के, तर ते न मिळालेल्यांपैकी ८१.६ टक्के रुग्ण पूर्ण बरे झालेले आढळले. तेव्हा व्यायामाचा विचार करण्यापूर्वी पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांना गाठणे हेच पहिले कर्तव्य होय. मधुमेह, उच्च रक्तदाब वा जठरव्रण असलेल्यांनी तसे आवर्जून सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो. हे औषध मनाने सुरू करू नये आणि मनाने थांबवूही नये.

दुसरे कर्तव्य डोळ्याचे. चेहरा महिन्यांनी सुधारला तरी चालेल. पण उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या बुबुळाला जखम झाली, तर दृष्टीलाच धोका पोहोचतो. दिवसा डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, झोपताना पापणी मिटलेली राहील अशी त्यांनी शिकवलेल्या पद्धतीने लावलेली पट्टी आणि बाहेर पडताना कडेनेही झाकणारा चष्मा, एवढी काळजी अनिवार्य आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

हे स्नायू इतरांहून निराळे

दंडाचे वा मांडीचे स्नायू हाडांना जोडलेले असतात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र एका टोकाने थेट त्वचेत गुंफलेले असतात; म्हणून तर मनातील सूक्ष्म भाव त्वचेवर उमटतो. स्नायू किती ताणला गेला याची खबर मेंदूला देणाऱ्या ज्या संवेदी रचना हातापायांच्या स्नायूंत विपुल असतात, त्या चेहऱ्याच्या स्नायूंत जवळजवळ नसतात. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे आपण सांगू शकतो. ओठांचा कोपरा नेमका किती वर गेला, हे मात्र पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. या व्यायामात आरसा लागतो तो यासाठी.

आणखी एक बाब महत्त्वाची. नव्याने वाढणारे धागे नेहमी आपल्या जुन्याच मुक्कामी पोहोचतात असे नाही. ओठांकडे जाणारा धागा डोळ्याभोवतीच्या स्नायूकडे वळू शकतो. मग हसताना डोळा बारीक होतो, डोळा मिटताना ओठ खेचला जातो, तर क्वचित जेवताना डोळ्यातून पाणी येते. वैद्यकीय भाषेत या सहचलनाला 'सिंकायनेसिस' म्हणतात. निश्चल बाजू हलावी म्हणून रुग्ण सर्व शक्तीनिशी चेहरा वेडावाकडा करतो, तेव्हा निरोगी बाजू अधिकच प्रबळ होते आणि नको असलेल्या हालचालींची सवय जडण्याची भीती राहते. त्यामुळे या व्यायामाचा हेतू ताकद वाढवणे हा नसून मेंदूला योग्य हालचालीचे नव्याने शिक्षण देणे हा आहे.

टप्प्याटप्प्याने व्यायाम

चेहऱ्याचे व्यायाम शक्यतो या विषयाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. रुग्णागणिक गरज वेगळी असते. तथापि त्यांची सर्वसाधारण दिशा पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिला टप्पा पूर्ण निश्चलतेचा. या काळात स्नायूला संदेशच पोहोचत नसल्याने जोर लावून काहीही साधत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ हातांनी गालावर व कपाळावर हलका मसाज करावा. ओघळलेला गाल बोटांनी हळुवारपणे वर, कानाच्या दिशेने उचलून धरावा. उघडी राहणारी पापणी बोटाच्या मागील बाजूने अलगद मिटवावी. बोलताना निरोगी बाजू फार खेचली जात असेल, तर तिच्यावर तळहात ठेवून तिला आवरावे. जेवताना घास लहान घ्यावा, निरोगी बाजूने चावावा आणि जेवणानंतर गालात साठलेले कण निघून जातील अशी चूळ भरावी.

दुसरा टप्पा पहिल्या हालचालीपासून सुरू होतो. ओठाचा कोपरा किंचित थरथरतो, भुवई केसभर उचलली जाते. आता आरशासमोर शांत बसावे, खांदे सैल सोडावेत, दोन-चार दीर्घ श्वास घ्यावेत. मग एका वेळी एकच हालचाल करावी : भुवया हळूच उचलणे, डोळे अलगद मिटणे, नाक किंचित आकसणे, ओठ मिटून मंद हसणे, ओठांचा चंबू करणे. दोन्ही बाजू सारख्या दिसतील तेवढीच हालचाल पुरे. निरोगी बाजू पुढे धावू लागली, की तिला तेथेच थांबवावे. प्रत्येक हालचाल सावकाश पाच वेळा, मध्ये विश्रांती, अशी पाच-दहा मिनिटांची बैठक दिवसातून दोन किंवा तीन वेळा पुरेशी असते. थकवा जाणवला वा गाल फडफडू लागला, की थांबावे.

ओठांच्या व्यायामासाठी आपल्या वर्णमालेसारखा सोबती नाही. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने दोन्ही ओठ जुळल्याशिवाय उमटत नाहीत. 'ई' म्हणताना ओठांचे कोपरे बाजूला जातात, 'ऊ' म्हणताना ते गोलावतात. लहानपणी पाठ केलेली ही अक्षरे आरशात पाहत, एकेक करून, सावकाश उच्चारावीत. घरात एखादे बालक अक्षरे गिरवत असेल, तर त्याच्या संगतीने आजोबांचाही अभ्यास होऊन जाईल.

तिसरा टप्पा सहचलनाचा. तो सर्वांच्याच वाट्याला येत नाही. काही महिन्यांनंतर हसताना डोळा बारीक होऊ लागला, तर व्यायाम वाढवण्याऐवजी त्याची गती व व्याप्ती कमी करावी लागते. डोळा मोठाच राहील इतपतच हसायचे आणि ती मर्यादा दिवसागणिक तसूभर वाढवायची, अशी ही साधना आहे. ताठरलेल्या गालासाठी मसाज व ताण देण्याच्या क्रिया शिकवल्या जातात. गरज भासल्यास तज्ज्ञ बोट्युलिनम टॉक्सिनची सूक्ष्म मात्रा टोचून हट्टी स्नायूला तात्पुरते शिथिल करतात. तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ववत झाला नसेल, तर पुन्हा तज्ज्ञांकडे तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रगती रोज मोजू नये. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात भुवया उचलून, डोळे मिटून व हसून तीन छायाचित्रे काढून ठेवावीत. आवर्ती ठेवीच्या खात्यात महिन्याचा एक हप्ता भरताना रक्कम किरकोळच वाटते. मुदतीअंती पासबुक पाहिले, की तिचे मोल कळते. तसेच येथेही घडते.

सल्ले अनेक, सारेच हितकर नव्हेत

अशा वेळी सल्ल्यांची उणीव नसते. च्युइंग गम चघळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु चर्वणाचे मुख्य स्नायू सातव्या नव्हे, तर पाचव्या मज्जातंतूच्या आधिपत्याखाली असतात आणि बेल्स पाल्सीत ते शाबूतच असतात. साहजिकच चघळण्याने दुखावलेल्या तंतूला विशेष लाभ होत नाही. फुगे फुगवणे वा जोराने शंख फुंकणे यांत सारा चेहरा एकदम ताणला जातो व निरोगी बाजूच वर्चस्व गाजवते. सूक्ष्म व समतोल हालचालींच्या शिक्षणाशी याचा मेळ बसत नाही.

गालावर विजेचे सौम्य धक्के देण्याची पद्धत आपल्याकडे प्रचलित आहे. विजेने चेहऱ्याचे स्नायू हलवता येतात, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छायाचित्रांनिशी दाखवले होते. मात्र स्नायू हलणे आणि तंतू बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या अहवालात विद्युत उत्तेजनाचा लाभ सिद्ध झालेला नाही. रुग्णाच्या गरजेनुसार आखलेल्या चेहऱ्याच्या व्यायामाने, विशेषतः विकार जुना झालेल्यांना, फायदा होण्याची शक्यता त्याच अहवालाने व्यक्त केली. पण तो पुरावाही भक्कम नसल्याचे प्रांजळपणे नोंदवले. तेव्हा हमखास गुणाची हमी देऊन महागडी उपचारमाला विकणाऱ्यांपासून सावध राहणे शहाणपणाचे.

चालणे, योगासने आणि पोहणे

सकाळच्या फेरफटक्याची सवय असलेल्यांनी तो बंद करावा काय? पहिले काही दिवस विश्रांती घेऊन, डॉक्टरांच्या संमतीने, सपाट रस्त्यावर चालायला हरकत नाही. चालण्याने मज्जातंतू लवकर वाढत नाही. पण साखर व रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, स्टेरॉइडच्या काळात उडालेली झोप सुधारते आणि खचलेले मन थोडे उभारी धरते. धूळ व वारा यांपासून डोळा जपण्यासाठी चष्मा मात्र हवाच. दुचाकी व सायकल चालवताना ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

डोळा पूर्ण मिटू लागेपर्यंत पोहणे टाळावे. दीर्घ श्वसन, शवासन व अनुलोम-विलोम यांसारख्या सौम्य क्रिया उपकारक ठरतात. शीर्षासन, वेगवान कपालभाती आणि चेहरा कमाल ताणणारे सिंहासन यांचा अट्टाहास मात्र या दिवसांत धरू नये. व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी जड वजने उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. वजन उचलताना दात-ओठ खाण्याची जी सवय असते, तिला तरी निश्चितच सुट्टी द्यावी.

चेहरा आणि माणूस

या विकारात वेदना थोडी आणि संकोच फार. रुग्ण लग्नसमारंभ टाळतो, छायाचित्रात मागे उभा राहतो, दूरध्वनीवर बोलताना 'प' आणि 'ब' असलेले शब्द चुकवतो. ज्यांना दिवसभर लोकांसमोर बसावे लागते, त्या शिक्षक, विक्रेते आणि बँकेतील काउंटरवरील कर्मचाऱ्यांना हा संकोच अधिकच जाचतो. सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी एका वाक्यात खरे सांगून टाकणे, हा त्यावरील सोपा उपाय होय. हा विकार संसर्गाने पसरत नाही, हेही सोबत सांगावे.

कॅनडाचे माजी पंतप्रधान जाँ क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू तरुणपणीच अशी निकामी झाली आणि ती पूर्णपणे सावरली नाही. १९९३ च्या निवडणुकीत तत्कालीन सत्ताधारी पक्षाने त्यांच्या चेहऱ्याकडे बोट दाखवणारी दूरचित्रवाणी जाहिरात केली. जनतेला ती इतकी खटकली, की पक्षाला ती तातडीने मागे घ्यावी लागली. त्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचा दारुण पराभव झाला. त्यांना अवघ्या दोन जागा मिळाल्या. या पराभवाला इतरही कारणे होतीच. क्रेतिएँ मात्र त्याच चेहऱ्याने २००३ पर्यंत देशाचे पंतप्रधान राहिले.

आपल्या शाखांतही असा ग्राहक कधी समोर येईल. त्याचे उच्चार थोडे अस्पष्ट असतील, तर त्याला घाई करू नये आणि त्याच्याऐवजी सोबतच्या नातेवाइकाशी बोलू नये. त्याची जीभ अडखळत असली, तरी विचारशक्ती व स्मरणशक्ती पूर्ण शाबूत असते. निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सुविधा २०२१ पासून उपलब्ध आहे. चेहऱ्यातील बदलामुळे तेथे अडचण आल्यास बोटांच्या ठशांचा किंवा प्रत्यक्ष शाखेत येऊन दाखला देण्याचा मार्ग खुला आहे, हे आपणहून सांगितल्यास एखाद्या आजींचा हेलपाटा वाचेल.

घरच्यांनी एवढेच करावे : रोज 'आज किती सुधारले?' असे विचारू नये, डोळ्याच्या थेंबांची वेळ सांभाळावी आणि जेवताना ओघळलेल्या पाण्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करावे. नव्याने वाढणाऱ्या तंतूची गती दिवसाला एक मिलिमीटर. ती कोणाच्या उतावळेपणाने वाढत नाही. त्याच्या वाटेत अडथळा न आणता दररोज पाच-दहा मिनिटे शांतपणे आरशासमोर बसणे एवढेच रुग्णाच्या हाती असते, आणि तेवढे त्याने नेमाने करावे.